कर्करोगाचा प्रसार आणि पेशीतील दलाल

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, करआकारणी, समाजाच्या संस्था आणि दिवंगत सभासदांचे स्मरण असे विषय दरवर्षी येतात व ते योग्यच आहे. त्यांच्या पंक्तीत एका घाऊक भुसार व्यापाऱ्याने कर्करोगाच्या शास्त्राविषयी लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. प्रयोगशाळेशी आमचा कधी संबंध आला नाही. तथापि निपाणी, चिकोडी, बेळगाव या टापूत ज्याच्या घरी, वखारीत अथवा शेजारी तोंडाच्या कर्करोगाचा एकही रोगी झाला नाही, असा सभासद आमच्या पाहण्यात विरळाच आहे. रोगी घेऊन कोणी मिरजेस जातो, कोणी कोल्हापुरास, कोणी बेळगावास आणि कोणी थेट मुंबईस टाटा इस्पितळात. तेथून परतलेल्या मंडळींच्या तोंडून दोनच प्रश्न पुनःपुन्हा ऐकू येतात. हा रोग असा बेताल वाढतो कसा? आणि एका जागेचा काढून टाकला तरी दुसऱ्या जागी उगवतो कसा?

या प्रश्नांच्या उत्तरातील एक नवे प्रकरण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उघडले आहे. ते आम्ही वाचून, जाणकार डॉक्टरांना विचारून, आमच्या बुद्धीप्रमाणे समजून घेतले. व्यापाऱ्याला ते समजावयास फारसे अवघड नाही, असा आमचा अनुभव आहे; म्हणून ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

पेशीची पेढी

आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनले आहे. प्रत्येक पेशी ही एक स्वतंत्र पेढी आहे असे समजावे. पेढीच्या आतल्या खोलीत, म्हणजे पेशीच्या केंद्रकात, एक मूळ वही असते, तिला डी.एन.ए. म्हणतात. ही वही खोलीबाहेर कधीही जात नाही. एखादा माल तयार करावयाचा झाल्यास वहीतील तेवढ्याच नोंदीची एका चिठ्ठीवर नक्कल उतरवली जाते. या चिठ्ठीचे नाव आर.एन.ए. चिठ्ठी कारखान्यात जाते व तिच्याबरहुकूम माल तयार होतो. तो माल म्हणजे प्रथिन. स्नायू, रक्तातील लाल द्रव्य, पाचक रस ही सर्व या मालाचीच रूपे होत.

वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली या मूळ वहीची बांधणी दाखवून दिली आणि १९६१ साली निरोप नेणारी चिठ्ठी हाती लागली. तेव्हापासून शास्त्रज्ञांची अशी समजूत झाली की, ज्या चिठ्ठीपासून माल होतो तीच खरी चिठ्ठी आणि वहीतील ज्या नोंदीपासून माल होत नाही ती केवळ रद्दी. सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने १९७२ साली ‘जंक’ हाच शब्द त्यासाठी रूढ केला.

पुढे मानवी जनुकांची संपूर्ण वही वाचण्याचा मोठा आंतरराष्ट्रीय उद्योग झाला व तो २००३ साली पुरा झाल्याचे जाहीर करण्यात आले. वहीत सुमारे ३०० कोटी अक्षरे आढळली. परंतु माल घडविणाऱ्या नोंदी, म्हणजे जनुके, सुमारे २०,००० एवढीच निघाली. अक्षरांच्या हिशेबाने हा भाग शंभरात दोनही भरत नाही. त्याहून आश्चर्य असे की, मातीत राहणाऱ्या अवघ्या एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीच्या वहीतही जवळपास तितक्याच नोंदी आहेत. मालाची यादी सारखीच, आणि एक पेढी कृमीची तर दुसरी माणसाची! तेव्हा पेढीचे मोठेपण केवळ मालाच्या यादीत नसून तो माल केव्हा, कोठे आणि किती काढावयाचा या व्यवस्थेत असले पाहिजे, हे उघड झाले.

रद्दीत सापडलेल्या चिठ्ठ्या

२०१२ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत असे दिसले की, वहीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागाची कोणत्या ना कोणत्या पेशीत, केव्हा ना केव्हा, चिठ्ठीवर नक्कल उतरते. या चिठ्ठ्यांपैकी बहुसंख्य चिठ्ठ्यांपासून कोणताही माल होत नाही. त्या सर्वच कामाच्या आहेत असे नव्हे. काही खरोखरच निरुपयोगी असाव्यात, आणि त्यांचे प्रमाण किती याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु काही चिठ्ठ्या अत्यंत कामाच्या आहेत, हे आता निर्विवाद आहे.

यांतील दोनशे अक्षरांहून लांब असलेल्यांना ‘लाँग नॉन-कोडिंग आर.एन.ए.’ असे नाव पडले आहे. आपण या लेखापुरते त्यांना ‘दीर्घ आर.एन.ए.’ म्हणू. त्यांची छोटी भावंडेही आहेत. त्यांना मायक्रो आर.एन.ए. म्हणतात, आणि त्यांच्या शोधाबद्दल व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रुवकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दीर्घ आर.एन.ए.चे काम किती मोठे असू शकते याचे उदाहरण प्रत्येकाच्या घरी आहे. स्त्रीच्या पेशीत ‘एक्स’ नावाच्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, पुरुषाच्या पेशीत एकच. दोन्ही प्रती चालू राहिल्या तर स्त्रीच्या पेशीत दुप्पट माल निघून घोटाळा होईल. म्हणून गर्भावस्थेतच त्यांपैकी एक प्रत जवळजवळ पूर्णपणे बंद केली जाते. ही टाळेबंदी करणारा ‘झिस्ट’ नावाचा दीर्घ आर.एन.ए. १९९१ साली सापडला. तो सुमारे १७,००० अक्षरांचा असून त्या गुणसूत्रावर आच्छादनासारखा पसरतो आणि टाळी लावणाऱ्या प्रथिनांना बोलावून घेतो. स्वतः तो कणभरही माल तयार करीत नाही.

दलालाचे काम

आपल्या पेठेत या वृत्तीचा मनुष्य आपण रोज पाहतो. दलाल धान्य पिकवीत नाही, साठवीत नाही व दळीतही नाही. त्याच्या नावावर एक पोतेही नसते. पण कोणाचा माल कोणाच्या दुकानी उतरावा, कोणाचा सौदा कोणाशी व्हावा आणि कोणी आज थांबावे, हे पुष्कळ अंशी त्याच्या शब्दावर ठरते. दीर्घ आर.एन.ए. हे पेशीतील दलाल होत.

त्यांची कामे ढोबळमानाने चार प्रकारची सांगतात. काही वाटाड्याचे काम करतात. एखाद्या प्रथिनास हाताशी धरून वहीच्या नेमक्या पानाशी नेतात. काही दोन-तीन प्रथिनांना एका गादीवर बसवून त्यांच्याकडून एकत्र काम करवून घेतात. काही एखाद्या प्रथिनास वा मायक्रो आर.एन.ए.ला आपल्यापाशी अडकवून ठेवतात, म्हणजे त्याला दुसरीकडे आपले काम करता येत नाही. गिऱ्हाइकास चहाला बसवून शेजारच्या दुकानी जाऊ न देण्यासारखाच हा प्रकार. आणि काही केवळ इशारा देतात की, अमुक वेळ आली, आता अमुक काम सुरू करा.

प्रामाणिक दलाल हा पेठेचा शत्रू नव्हे. निरोगी शरीरात हे दीर्घ आर.एन.ए. आपापले काम नेमस्तपणे करीत असतात. अनर्थ होतो तो त्यांची संख्या भलतीच वाढली, घटली अथवा ते नको त्या वेळी कामास लागले म्हणजे.

वाढ आणि प्रसार

कर्करोगाची गाठ ही आपल्याच पेशींची असते. पेशीने केव्हा वाढावे, केव्हा थांबावे आणि बिघडल्यास केव्हा स्वतःचा अंत करावा याचे नियम मूळ वहीतच लिहिलेले आहेत. तंबाखू वा अन्य कारणांनी वहीतील अक्षरे बिघडतात, थांबा सांगणारी पाने बंद पडतात आणि पेशी बेबंद वाढू लागते. ही झाली वाढ.

प्रसार ही याहून कठीण गोष्ट आहे. जागच्या जागी वाढणारी पेशी दुसऱ्या जागी जाण्यासाठी प्रथम शेजाऱ्यांचा हात सोडते, आपल्या थराची भिंत ओलांडते, रक्तात किंवा लसिकेच्या प्रवाहात तग धरते आणि परक्या जागी मूळ धरते. एवढ्या साऱ्यासाठी तिला आपला स्वभावच पालटावा लागतो. कर्करोगाने होणाऱ्या बहुतेक मृत्यूंचे कारण मूळ गाठ नसून हा प्रसार असतो. आणि हा स्वभाव पालटण्याच्या कामी काही दीर्घ आर.एन.ए. गुंतलेले असतात, असे दिसून आले आहे.

यांत ‘हॉटेअर’ हे नाव सर्वप्रसिद्ध आहे. जॉन रिन आणि हॉवर्ड चँग यांनी अमेरिकेत २००७ साली त्याचा शोध प्रसिद्ध केला. सुमारे २,२०० अक्षरांचा हा दलाल वहीची पाने बंद करणाऱ्या एका प्रथिनसमूहास धरून दूरच्या पानांपर्यंत नेतो. २०१० साली राजनीश गुप्ता, चँग व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, स्तनाच्या कर्करोगात ज्या स्त्रियांच्या मूळ गाठीत हॉटेअरचे प्रमाण फार असते त्यांच्यात रोग पसरण्याची व मृत्यूची शक्यता अधिक असते. प्रयोगशाळेत कर्कपेशींत हॉटेअर वाढविले तेव्हा त्या उंदरांच्या फुप्फुसांत अधिक पसरल्या. कमी केले तेव्हा त्यांची शिरकाव करण्याची शक्ती घटली. जागेवर राहा असे सांगणारी पानेच या दलालाने बंद करविली होती.

दुसरे नाव ‘मॅलॅट-एक’. जर्मनीतील शास्त्रज्ञांनी २००३ साली फुप्फुसाच्या कर्करोगात ते शोधले. रोग पहिल्या अवस्थेत असतानाच ज्यांच्या गाठीत ते फार होते, त्यांच्यात पुढे प्रसार अधिक आढळला. २०१३ साली फुप्फुसाच्या कर्कपेशींतून ते काढून टाकले, तेव्हा उंदरांच्या फुप्फुसांत कमी गाठी उठल्या. येथवर हिशेब सरळ जुळला. परंतु २०१८ साली स्तनाच्या कर्करोगावरील एका अमेरिकन संशोधनात नेमके उलटे दिसले: तेथे मॅलॅट-एक प्रसार रोखीत होते! एकच दलाल एका पेठेत सौदा जमवितो आणि दुसऱ्या पेठेत मोडतो, असा हा मासला आहे. म्हणूनच अमुक एका दीर्घ आर.एन.ए.ला ठार करा म्हणजे कर्करोग बरा होईल, असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याने वहीचे अर्धेच पान वाचले आहे असे समजावे.

आपल्या टापूचा प्रश्न

आता हा विषय आपल्या दारी आणू. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांचा संबंध आपल्याच देशात आणि मराठी शास्त्रज्ञाच्या हातून फार पूर्वी दाखविला गेला आहे. मुंबईचे टाटा स्मारक इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली डॉ. सूर्याबाई यांच्यासह असे दाखविले की, माणसाची वहिवाट जशी तशी त्याच्या कर्करोगाची जागा. तंबाखू व चुना यांची गोळी ओठाच्या आत जेथे धरली जाते तेथेच रोग उठतो. चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यास तो टाळूवर उठतो. खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ साली मुंबईत कर्करोग संशोधन केंद्र निघाले. त्याचा वारसा आज नवी मुंबईतील खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ ही टाटा स्मारक केंद्राची संस्था चालवीत आहे.

याच ॲक्ट्रेकने बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेबरोबर हिरडी व गालाच्या कर्करोगाची, म्हणजे आपल्याकडे तंबाखू खाणाऱ्यांत आढळणाऱ्या कर्करोगाची, जनुकीय वही वाचली आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिघडलेल्या जनुकांच्या यादीत माल घडविणारी तर होतीच. परंतु पाने उघडणे-मिटणे ज्यांच्याकडे असते अशीही काही निघाली. ज्या खात्यात हॉटेअरसारखे दलाल वावरतात तेच हे खाते. पुढे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत तोंडाच्या गाठींमध्ये हॉटेअर व मॅलॅट-एक यांचे प्रमाण वाढलेले आढळले. २०१३ साली चीनमध्ये थोड्या रोग्यांवर झालेल्या एका अभ्यासात हे दीर्घ आर.एन.ए. रोग्याच्या लाळेतही ओळखता आले, आणि ज्यांचा रोग लसिकाग्रंथींपर्यंत गेला होता त्यांच्या लाळेत हॉटेअर अधिक दिसले.

याचे महत्त्व काय? तोंडाचा कर्करोग प्रथम पसरतो तो मानेतील लसिकाग्रंथींत. गाठ लहान असताना मान हाताला साफ लागते. तरीही काहींच्या मानेत रोग लपलेला असतो आणि पुष्कळांच्या नसतो. कोणाच्या आहे हे आधी खात्रीने कळत नाही. यास्तव तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबर मानेतील ग्रंथी काढाव्यात की रोग दिसेपर्यंत थांबावे, हा वाद जगभर अनेक वर्षे चालला होता. त्याचा निकाल टाटा स्मारक इस्पितळात लागला. डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी ५०० रोग्यांचा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध केला. प्रारंभीच मानेची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी तीन वर्षांनंतर शेकडा ८० हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी शेकडा ६७.५. शंभर रोग्यांमागे बारा-तेरा जीवांचा हा फरक आहे.

हे आकडे आम्ही मुद्दाम सविस्तर दिले. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात ‘जखम गालात आहे, मग मान कशाला कापता?’ असे म्हणून वडीलधाऱ्या मंडळींनी शस्त्रक्रियेचा तेवढा भाग नाकारला. वर्ष उलटण्यापूर्वी मानेत गाठ आली आणि पुढचा खर्च व हाल दोन्ही दुणावले. डॉक्टर मानेविषयी बोलतात ते बिल वाढविण्यासाठी, हा समज घरोघर आहे. तो सोडला पाहिजे. दीर्घ आर.एन.ए.च्या संशोधनाची खरी आशा याच ठिकाणी आहे. कोणाचा रोग पसरणार हे लाळेच्या थेंबावरून अथवा गाठीच्या तुकड्यावरून उद्या विश्वासाने सांगता आले, तर ज्यांना गरज नाही त्यांची मान वाचेल आणि ज्यांना गरज आहे त्यांचा वेळ वाचेल.

नमुना आणि सौदा

नमुना पसंत पडला म्हणजे सौदा झाला असे नव्हे, हे आपणांस सांगावयास नको. या संशोधनात अद्याप बहुतांशी नमुनेच आहेत. प्रत्यक्ष उपयोगात आलेले ठळक उदाहरण पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचे आहे. त्या कर्करोगात वाढणारा ‘पी.सी.ए.-तीन’ हा दीर्घ आर.एन.ए. लघवीत मोजण्याच्या चाचणीस अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. ग्रंथीचा तुकडा काढून एकदा तपासल्यावर पुन्हा काढावा की नाही, एवढे ठरविण्यास ती साहाय्य करते. आर.एन.ए.ला नेमके गाठणारी औषधे बनविता येतात हेही सिद्ध आहे. स्नायू दुबळे होण्याच्या एका बालरोगावर असे औषध २०१६ पासून वापरात आहे. परंतु दीर्घ आर.एन.ए.ला लक्ष्य करून कर्करोग बरा करणारे एकही औषध आजपर्यंत सर्वमान्य उपचारांत आलेले नाही.

तेव्हा ‘आर.एन.ए. शुद्ध करणारी’ पूड, परदेशी थेंब अथवा हजारो रुपयांची कसली तरी तपासणी घेऊन कोणी मध्यस्थ दारी आला, तर त्यास एकच प्रश्न विचारावा: ही गोष्ट आमचे उपचार करणारे डॉक्टर लिहून देतील काय? उत्तर ‘नाही’ असेल तर पैशाची पिशवी बंद करावी. जमीन वा दागिने गहाण टाकून असल्या वस्तू घेण्यात जो काळ जातो, त्याच काळात रोग तोंडातून मानेत उतरतो.

आज हाती असलेला उपाय

लाळेची चाचणी येईल तेव्हा येवो. आरसा, उजेड आणि जाणकाराची नजर आजही उपलब्ध आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात कित्येक वर्षे चाललेल्या मोठ्या पाहणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडे केवळ डोळ्यांनी तपासली. तंबाखू वा मद्याची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे शेकडा ३४ ने कमी झाले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, मानेत न दुखणारी गाठ यांपैकी काहीही दिसले तर दिवाळी, लगीनसराई किंवा सुगी संपण्याची वाट पाहू नये. सुपारीलाही निरुपद्रवी मानू नये. ‘आम्ही तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो’ असे म्हणणाऱ्या घरातील स्त्रियांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

येथे एक अवघड गोष्ट बोलणे प्राप्त आहे. निपाणीची पेठ तंबाखूने उभी केली. आपल्यापैकी कित्येकांच्या वखारी त्याच पानाच्या आहेत. शेतकऱ्याची उधारी त्यावर फिटते, वखारीतील मजूर आणि विड्या वळणाऱ्या हजारो बायाबापड्यांची चूल त्यावर पेटते, आणि आमच्या धान्याची उचलही शेवटी त्याच पैशातून होते. यास्तव कोणा एका धंद्याकडे बोट दाखवून आम्हांस मोकळे होता येणार नाही. उद्या सकाळी सर्व वखारी बंद करा असे म्हणणे सोपे आहे. ते पोटाचे उत्तर नव्हे. पण ज्या वहीत जमेची बाजू भरगच्च आणि नावेची बाजू कोरी, ती वही कोणताही दिवाणजी खरी मानणार नाही. या पानाच्या नावे बाजूस जी माणसे पडतात, त्यांची नोंद आपण ठेवली पाहिजे.

म्हणून संघापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. वार्षिक सभेच्या दिवशी सभासद व त्यांच्या कुटुंबीयांची मुखतपासणी व्हावी आणि तीत हमाल, तोलार, वखारीतील मजूर व विडी कामगार भगिनी यांनाही आपल्याबरोबरच बसवावे. रोग निघाल्यास रोगी व सोबतीस बेळगाव, मिरज अथवा मुंबईस जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च देणारा लहानसा निधी असावा. कारण गरिबाचा उपचार पुष्कळदा औषधावाचून नव्हे, तर प्रवासावाचून अडतो. आणि दुकानाच्या गादीवर पाहुण्यापुढे तंबाखू-सुपारीचा डबा सरकविण्याची रीत आपण आपल्यापुरती तरी बंद करावी.

दीर्घ आर.एन.ए.चे शास्त्र अजून वाढते आहे. रद्दी समजून बाजूस टाकलेल्या चिठ्ठ्यांतून त्याने पेशीचा अर्धा कारभार उलगडत आणला, आणि पुढील पिढीस त्यातून चांगली चाचणी व चांगले औषध मिळेल अशी आशा बाळगण्यास जागा आहे. त्या पिढीस ती मिळेपर्यंत आजच्या पिढीची तोंडे वेळेवर तपासली जावीत, एवढे मात्र आपल्या हातचे आहे. या सूचनांचा संघाच्या कार्यकारी मंडळाने विचार करावा, अशी आमची विनंती आहे.